एका नळाने दोन बादल्या

४ मार्च, सोमवार

माझा अंगाचा साबण पुन्हा गॅरेजात गेला! नवी वडी, सकाळीच फोडलेली. नात म्हणते, "आजी, फेस करून पाइपाला लावायचाय. बुडबुडे आले की हवा कुठून निसटते ते कळतं." मला शिकवते! तिचा आजोबा होता तेव्हा तो फेस मीच करून द्यायचे. पण कपड्यांच्या साबणाचा. आता ट्रक सुवासिक न्हाणार, आणि म्हातारीने नुसत्या पाण्यावर भागवायचं.

ट्रक काचवालीचा. पांढरा. मागून खाली बसतो — हवा सोडली की मागचा भाग जमिनीला टेकतो, काचा चढवल्या की हवा भरून उचलायचा. बाईने जुनाच विकत घेतला. हवेचं काम कोणी केलं, तिला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात वळणावर एका अंगाला कलला, काचा सुटल्या. नवऱ्याच्या हाताला एकवीस टाके. दोन बोटं अजून मिटत नाहीत.

बाई म्हणाली, "नीट करून द्या. आणि हे ज्याने केलं तो सापडला तर माझ्यासमोर उभा करा. मला त्याचं तोंड बघायचंय." रडली नाही, ओरडली नाही. मला पटली.

५ मार्च

आमचे चिरंजीव ट्रकाखाली गेले, बाहेर आले, हात पुसले आणि चहा न घेता निघून गेले. चहा न घेता! ताप असेल.

७ मार्च, गुरुवार

आज मीही वाकून पाहिलं. वाकता येतं, सरळ व्हायला वेळ लागतो.

मागे दोन रबरी बलून, एकेका बाजूला एक. प्रत्येकाचा पाइप वेगळा हवा, व्हॉल्व्ह वेगळा हवा. इथे एकच व्हॉल्व्ह, एकच पाइप, मध्ये तिहेरी जोड — आणि दोघांत हवा वाटून! ट्रक वळला की दबलेल्या बलूनमधली हवा पळते दुसऱ्यात. ज्याला आधार हवा तो रिकामा, ज्याला नको तो टम्म. घरोघरी हेच चालतं, पण घराला चाकं नसतात.

शिवाय बलूनची लोखंडी बैठक तिरकी. रबर चासीला घासून घासून कागदासारखं झालंय.

मी म्हणाले, "हे करणाऱ्याला डोकं होतं की टोपी टांगायची खुंटी?" चिरंजीव म्हणाले, "आई, पुरे." पुरे कसं? त्या माणसाची दोन बोटं कामातून गेली! मग मी दिवसभर काही शिल्लक ठेवलं नाही. आंधळा म्हटलं, कामचोर म्हटलं. "एका नळाने दोन बादल्या भरतात, असं वाटलं असेल शहाण्याला!" असंही म्हटलं. नात ट्रकाखाली होती. तिच्या हातून पाना पडला.

८ मार्च

नात कोणाला हात लावू देत नाही. बापाने ग्राइंडर उचलला तर काढून घेतला. "मीच करणार, बाबा." दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागतात. मी काय टपालखातं आहे?

११ मार्च, सोमवार

जुन्या बैठका कापून काढल्या. नव्या जाड पत्र्याच्या. पोरीने दोरी लावून तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजायला लागली तेव्हा मी म्हटलं, "अगं, लग्न ठरवतेस का त्याचं?" हसली नाही. दोन पाइप, दोन व्हॉल्व्ह. फेस लावला. एक बुडबुडा नाही!

साबण संपला.

१२ मार्च

भंगाराच्या डब्यात जुनी बैठक दिसली. उलटी करून पाहिली.

आमच्या ह्यांची एक रीत होती. वेल्डिंग संपलं की रॉड झटकन उचलायचा नाही. अर्धं बोट मागे फिरवायचा, मग उचलायचा. "शेवट उघडा सोडला की तडा तिथूनच जातो." दुसऱ्या गॅरेजांतले कारागीर हसायचे — ह्यांच्या कामाला शेपटी असते म्हणून.

या बैठकीला शेपटी आहे.

हे जाऊन नऊ वर्षं झाली. बलूनवर साल आहे ते सहा वर्षांपूर्वीचं. म्हणजे हे नव्हेत. आणि शेपटी भलत्याच बाजूला वळलीय. पोरगा उजव्या हाताचा. आमच्या घरात डावखुरं एकच आहे.

दुपारी झोप लागली नाही.

१३ मार्च, बुधवार

सरळच विचारलं. "तूच ना गं?"

"हो."

तेव्हा सोळाची होती. म्हटलं, "मग इतके दिवस तोंडात गुळणी धरून बसलीस?" दारातून बापच बोलला. "आई, मी ऑपरेशनला दवाखान्यात होतो बघ, तेव्हाचं काम. तेव्हा ट्रक निळा होता. कपाटवाल्याचा."

आठवलं. कपाटवाला दारात घिरट्या घालत होता. पोरगी म्हणाली होती, बैठक तिरकी बसलीय, व्हॉल्व्हही एकच आहे, बाबा येईपर्यंत थांबू या.

"आणि मी काय म्हणाले?"

पोरीने खाली बघून सांगितलं. अगदी माझ्या आवाजात. "'रंगाखाली कोण बघतंय? आणि एका नळाने दोन बादल्या भरतात की! लाव जोड, दे गाडी.'"

मग मी विचारलं, "मला अडवलं का नाहीस? आठवडाभर शिव्या देतेय मी."

"म्हटलं, संपू देत एकदाच्या."

१४ मार्च

काचांच्या जागी वाळूची पोती भरून ट्रक वळणावर नेला. मी पुढे बसले. तीनदा वळवला. सरळ उभा. पोरीचं काम चोख आहे. सहा वर्षांपूर्वीही झालं असतं, थांबू दिलं असतं तर.

१५ मार्च, शुक्रवार

काचवाली दहाला ट्रक न्यायला येणार. फाटक वाजलं की पोरीने जागचं हलायचं नाही, तिच्या बापाने तोंड उघडायचं नाही. काचवालीला जे तोंड बघायचंय ते माझं आहे. फाटक मी उघडणार. ती विचारेल त्याला उत्तर मीच देणार, दुसऱ्या कोणी नाही.