दाराजवळची वीतभर जागा

पिपरी मेघे, ५ जानेवारी २०२५

चि. मयुरीस, सप्रेम जयभीम. वि.वि.

इकडे खुशाल. आजी तुझा फोन काऊन घेत नाही, ते सांगतो. तू इंग्लंडात जी जुनी इमारत दुरुस्त करतेस, ती दारू प्यायची जागा आहे, हे नागेशकाकाच्या तोंडून सुटलं. मी बापडा धर्मशाळा म्हणून सांगत होतो. तुझी पंचफुला आजी म्हणे, मी बायांसंग दारूभट्ट्या फोडत फिरली अन् नात दारूचं घर सजवून राह्यली. आता माझाही चहा अबोल्यातच होतो. तू लिही. पत्र आलं की चष्मा लावून वाचेल.

माया आहे तशीच असू दे.
तुझा आबा, कवडू

हेरफर्ड, २ फेब्रुवारी २०२५

ती. आजी-आबांस, सविनय जयभीम.

आजी, तुझा राग खरा आहे. पण हे घर एकदा पाहा. काळ्या लाकडांचा सांगाडा, वरचा मजला रस्त्यावर झुकलेला, दार इतकं बुटकं की साहेबालाही वाकावं लागतं. चूल एवढी मोठी की तिच्या पोटात बाकं टाकून माणसं शेकत बसतात. आणि भिंती आपल्या जुन्या घरासारख्या कुडाच्या! काटक्या, माती, शेण, भुसा. कुणीतरी वरून सिमेंट थापलं, ओल कोंडली, कुड कुजला. सिमेंट काढलं तर खाली मातीत चार बोटांचे अर्धगोल फराटे, तू ओढायचीस तसेच. मी तिथेच रडले.

नवी माती लिंपून झाली. दाराजवळची वीतभर जागा तेवढी ठेवली आहे. आपल्याकडे शेवटचा हात मोठ्या बाईचा असतो ना? तू हो म्हटल्याशिवाय मी तो मारणार नाही. वरचा चुना त्याच्यासाठीच थांबलाय.

तुमच्या मायेची भुकेली,
मयुरी

पिपरी मेघे, २ मार्च २०२५

चि. मयुरीस, सप्रेम जयभीम.

पत्र आजीनं दोनदा वाचलं. मग विचारलं, तिकडे शेण भेटते काय? मग म्हणे, न पिणारा माणूस त्या चुलीपाशी बसू शकते का? मी म्हटलं, आपली मयुरी बसतेच की. तेव्हा कुठं हसली, अन् चहा देताना साखर पुरे का म्हणून विचारलं. पोरी, तुझे उपकार. घरात बोलणं परत आलं. खालच्या ओळी तिच्या हातच्या.

तुझा आबा

ता.क. दारूले माझा होकार नाई. भिंतीनं कोणाचं काय बिघडवलं? माझ्या नावानं हात मार. डाव्या हातानं मारजो, मी डावरी आहो. मग फोन करजो.