रंगावर आवळलेला बोल्ट

डिंडोली, मंगळवार, संध्याकाळ

काल लिहिलं की निकमकाकांच्या नव्या गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर खराब निघाला. ते चूक आहे. अ‍ॅम्प्लिफायर चांगला आहे, काम माझं खराब आहे.

इंजिनाचा वेग वाढला की त्यांच्या स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज चढत जातो. अर्थिंगची वायर डिकीच्या पत्र्याला जोडताना खालचा रंग खरवडायचा असतो, नाहीतर जोडणी पक्की होत नाही आणि असा आवाज येतो. आप्पांनी मला घरी सगळ्यात आधी हेच शिकवलं. पण गाडी पूजा करून थेट आमच्या दुकानात आली होती. काकू म्हणाल्या, "पोरी, ओरखडा नको हं, अजून कुंकू वाळलं नाही." माझा हात धजेना. रंगावरच बोल्ट आवळला.

काल आप्पांनी विचारलं, "रंग खरवडला होतास ना?" मी हो म्हणाले. इतक्या सहज कशी म्हणाले? त्यांनी डिकी उघडूनही पाहिली नाही. काकांना सांगितलं, "पोरीचं काम पक्कं आहे, मालच खराब."

आज काकू येऊन गेल्या. तो अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या भावाने हौसेने दिलेला. काकांनी त्याला फोनवर ऐकवलं, "फुकटात द्यायचं म्हणून भंगार दिलंस का?" शनिवारी नंदुरबारला जाऊन परत करणार आहेत. काकू सांगताना रडल्या, आणि मी त्यांना पाणी दिलं. नुसतं पाणी. एका बोल्टाखालचा रंग, तेवढं तोंडून निघालं नाही.

उद्या काका पलसाण्याला मिलमध्ये असतील. गुरुवारी त्यांना सुट्टी. आप्पांना आधी सगळं सांगून, त्यांना सोबत घेऊनच काकांकडे जाईन. गुरुवारी सकाळी.