तिसऱ्या नंबरचा पिस्टन

९ फेब्रुवारी
हललाच नाही! सहातले पाच पिस्टन सुटून हातात आले, तिसरा जाम. ज्याच्या शेडमध्ये मी काम करतो आणि राहतो, त्या एवेलिओकाकाची शेवरोले – जवळजवळ त्याच्याच वयाची. काकी गेली तेव्हापासून त्याने गाडीला हात लावला नाही. गळक्या पत्र्याखाली उभी राहिली, पाणी आत उतरलं आणि गंजून बसली.

आता एकाएकी घाई. नात लियानेत १४ मार्चला पंधरा वर्षांची होते. तिची आई अमेरिकेत टॅम्पाला, पोर आजोबाकडेच वाढली. पंधरावं म्हणजे लग्नाहून थोर – झालरीचा झगा घालून उघड्या टपाच्या गाडीतून सगळ्या हवानाला दिसायचं! "अख्ख्या वस्तीतल्या पोरींसाठी गाड्या चालू करून दिल्या मी," काका म्हणाला, "आणि माझी नात भाड्याच्या गाडीत?"

बरं, पिस्टन तुटताही कामा नये. रशियन ट्रकचा पिस्टन लेथवर कातून लहान करून त्याने स्वतः बसवलेला. दुसरा आणायचा कुठून?

माझं ठरलंय. गाडी सुरू झाली की मी सुटलो. चुलतभाऊ गयानात खाणीवर आहे, ये म्हणतो. पूर्वेकडच्या बाराकोआहून हवानाला आलो, पण इथे माझा जीव रमत नाही.

११ फेब्रुवारी
आज माझ्या अकलेचं दिवाळं निघालं. फळीवर रमच्या बाटलीत ब्रेक ऑइल दिसलं. रॉकेलात मिसळून ओतलं पिस्टनच्या डोक्यावर, आणि हलवावं म्हणून काडीने ढवळलं. फेस! इंजिनातून पांढरा फेस!

काकाने बोट बुडवून हुंगलं. "शांपू आहे रे हा, गाढवा!"

खरं ऑइल मिळत नाही, म्हणून इथे लोक शांपूत स्पिरिट घालून ब्रेकात भरतात. गाडी थांबतेही! पण गंजलेल्या लोखंडावर तेच म्हणजे पाणीच की.

"तुमच्या बाराकोआला ब्रेकात काय घालतात?"

"खेचराला ब्रेक नसतो, काका."

इतका हसला की खोकला लागला. लियानेत खिडकीतून ओरडली, "आजोबा, तुमच्या म्हाताऱ्या गाडीचे केस तरी मऊ झाले का?"

१२ फेब्रुवारी
फेस पुसून पुसून बोटं सोलली. जेवताना काकाने आपलं अंडं माझ्या घेवड्या-भातावर ठेवलं. "मला पचत नाही." खोटं! काल दोन खाल्ली.

१७ फेब्रुवारी
खरं ऑइल मिळालं, बसच्या ड्रायव्हरने दिलं. रॉकेलात मिसळून ओतलंय. आता मुरू द्यायचं. लोणचं आहे का हे!

२० फेब्रुवारी
मुरतंय.

२३ फेब्रुवारी
नाही राहवलं. काका पाव आणायला गेलेला बघून लोखंडी हातोडा घेतला. उचलला तोच काकाने मागून मनगट धरलं.

"तिला विचारतोयस की मारतोयस?"

मग शिकवलं. वरून थोडं, खालून थोडं. एकाच बाजूने ठोकलं तर आणखी अडतो. वरून जेवढा दबेल तेवढाच खालून उठवायचा. "रुसलेल्या बायकोशी असंच बोलावं लागतं." तुला काय माहीत, म्हटलं, काकी तर कधी रुसायचीच नाही. "तुझ्यासमोर नाही रुसायची," म्हणाला.

२६ फेब्रुवारी
पिस्टनवर ठेवून ठोकायचे आमचे लाकडी ठोकळे सगळे फुटले. मऊ लाकूड. काका घरात गेला आणि काकीचा बत्ता घेऊन आला – लसूण कुटायचा, काळाकुळकुळीत, दगडासारखा.

"काका, हा नको."

"का? ती असती तर आतापर्यंत तिनेच ठोकला असता. म्हणाली असती, सरका दोघं."

मी बत्ता धरला, तो मोगरी मारत होता. शेडभर लसणाचा वास!

२ मार्च
हलला! केसभर, पण हलला! मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची कोंबडी कुंपणावर चढली. मी खालून रेटायला निघालो, तर काका म्हणाला थांब. सिलिंडरच्या काठाला गंजाची कड होती. ती आधी खरवडली, नाहीतर रिंगा तिथेच मोडल्या असत्या. मग खालून टक, टक, टक – आणि आला वर. अख्खा! काकाने सदऱ्याला पुसला, उन्हात धरला, चारी बाजूंनी बघितला. नाक तेवढं ओढलं.

११ मार्च
सुरू झाली. धूर काढते, पण सुरू झाली!

१४ मार्च
काका म्हणाला, गाडी तू चालव, मला पोरीकडे बघायचंय. निळा झगा, मागच्या सीटवर उंच बसलेली, आणि हा शेजारी टाय लावून. समुद्राच्या कडेने नेली. कोणीतरी ओरडला, "ए पॅलेस्टिनी, गाडी कुणाची पळवलीस?" – आम्हा पूर्वेकडच्यांना हवानात हेच म्हणतात. मी तोंड उघडायच्या आत काका उभा राहून ओरडला, "पोरगा माझा आहे, गाडी त्याची आहे, तुझं काय दुखतंय?"

म्हटलं, बोलण्याच्या भरात बोलला असेल.

१६ मार्च
गयानाचं सांगायला गेलो. त्यानेच आधी सांगितलं. टॅम्पाचे कागद झालेत, त्याचे आणि लियानेतचे. एप्रिलात विमान. "म्हणून घाई होती. बंद पडलेली गाडी कुणाच्या गळ्यात मारायची नसते, पोरा." किल्ली माझ्या हातात ठेवली, शेडचीही.

तेल बघतो म्हणून मी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ त्याच्या आडच उभा राहिलो.