अनोळखी नंबर, लाल बटन

१३ जानेवारी, मंगळवार
बचत गटाची मीटिंग. पोरं खिचडी खाऊन गेली, मग बाया अंगणवाडीतच बसल्या. आजचा विषय मोबाईलवरची फसवणूक. शिकवणारी मीच. अंगणवाडीच्या कामामुळे गावात मोबाईल मला सगळ्यांत जास्त कळतो असं बायांचं म्हणणं आहे. खोटं कशाला बोलू, माझंही तेच म्हणणं आहे.

शिकवता शिकवता मजा झाली. फोन हातातच होता अन् हिरव्या ॲपवर टिंग. नंबर अनोळखी, फोटोच्या जागी कुठल्याशा शेतातली धानाची बांधी. मजकूर एवढाच – "ताई, कशी आहेस? मी." आयतं उदाहरण चालून आलं. फोन सगळ्यांसमोर फिरवला. म्हटलं, "पाहा! हे लोक असेच. आधी ताई म्हनते, मंग गळा कापते. मी म्हनजे कोन? नाव नाई, गाव नाई!" अन् सगळ्यांदेखत ब्लॉक. बाया हसून हसून लोळल्या. भागरताबाई म्हणाली, "आमची सुनंदा पोलिसात पाह्यजे होती वं!" शेवटी सगळ्यांकडून घोकून घेतलं : अनोळखी नंबर, लाल बटन. घरी जाताना रस्त्यानं ओरडत गेल्या. छान वाटलं.

१७ जाने., शनि.
ॲप बंद. उघडलं की म्हणतं अपडेट करा. अपडेट करायला गेलं की म्हणतं जागा नाही. ह्यांनी सांगितलं, "बंद करून चालू कर." ह्यांचा सगळ्या यंत्रांवर हाच इलाज, मोटारपंप असो की टीव्ही. केलं. पुन्हा तेच. वनिता (आमची मदतनीस) म्हणाली, थोडा आराम देऊन पाहा बाई. फोनला आराम! मी घरी आल्यावर मला कोणी म्हणत नाही.

१९ जाने., सोम.
पर्यवेक्षिका बाईंचा फोन. पोषण आहाराचे फोटो ग्रुपवर का नाही. म्हटलं, ॲप बंद पडलं मॅडम. म्हणाल्या, "तुमचं? तुम्ही तं गावाले शिकवता." लाज वाटली. वनिता तिथेच भांडी घासत होती, तिनं ऐकलं नसेल असं धरून चालले आहे.

दुपारभर फोनमधला कचरा काढला. सुप्रभात, जय भीम, गुलाब, दिवे, वाढदिवसाचे केक, नाटकांच्या जाहिराती. एवढे गुलाब मी ठेवले तरी कशाला. खाली खाली जाता आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाचे फोटो लागले. पंगतीचा एक फोटो आहे, त्यात एक भरलेलं ताट आहे अन् त्याच्यासमोर माणूस नाही. ते प्रकाशचं. माझा लहान भाऊ. ब्रह्मपुरीहून त्याची गाडी चुकली, पंगत उठता उठता पोचला. मी रागात होते. सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हटलं, "पाव्हन्यासारखा आला, पाव्हन्यासारखा जेव अन् जाय." तो जेवला नाही. गेला. तेव्हापासून बोलणं बंद. त्याचंही, माझंही.
ते फोटो पुसले नाहीत. बाकी सगळे पुसले.

२० जाने., मंगळ.
ग्रामपंचायतीत वायफाय आहे. तिथल्या ओट्यावर बसून अपडेट केलं. चालू झालं! धडाधड मेसेज. गट, अंगणवाडी, माहेरच्या सोयऱ्यांचा ग्रुप. त्या ग्रुपमधून प्रकाश कधीच बाहेर पडला आहे. तरी त्याचं काही आहे का म्हणून सगळं वर-खाली पाहिलं. काही नाही. त्याच्या जुन्या नंबरावर नुसतं राखाडी डोकं. मी पाहिलं हे कोणाला सांगायची गरज नाही.

२५ जाने., रवि.
शीलाचा फोन. शीला म्हणजे माझी मावसबहीण, ब्रह्मपुरीतच दिली आहे. मागे भोंग्याचा आवाज. म्हटलं, कुठी हायेस? तर अडखळली. मग सांगितलं. प्रज्ञाचं साक्षगंध आहे आज. प्रकाशच्या पोरीचं. लग्न ठरलं, मुलगा गडचिरोलीत नोकरीला.

प्रज्ञाचं नाव मी ठेवलं आहे. आत्या म्हणून. पाळण्यात तिच्या कानात मी सांगितलं होतं. साध्या दोन शब्दांचं बलावणंसुद्धा नाही. राग आला अन् रडूही. ह्यांना म्हटलं, मेली मी त्याच्यासाठी. हे बैल सोडायला गेले.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन. तोंड उतरलेलं होतं, वनितानं विचारलं. सांगून टाकलं. घडाघडा. भावानं पोरीच्या साक्षगंधाला सख्ख्या बहिणीला विचारलं नाही. दुपारपर्यंत गावभर झालं. भागरताबाई घरी आली, पाठीवर हात फिरवला. "आजकालचे भाऊ असेच वं. बायकोच्या मुठीत." मी नाही म्हटलं नाही. उलट दोन गोष्टी जास्तीच्या सांगितल्या. त्याची बायको तशी नाही, मला माहीत आहे. पण बाया माझ्या बाजूनं बोलत होत्या, गार वाटत होतं.

२९ जाने., गुरु.
पुन्हा शीला. साक्षगंधाचं कौतुक सांगायला लागली, मी मध्येच तोडलं. म्हटलं, मले नको सांगू, ज्यानं बलावलं नाई त्याचं. ती म्हणाली, "सुनंदा, तो तं म्हनते तूच त्याले बंद केलं."
"काय बंद केलं?"
"त्यानं नवा नंबर घेतला. पयला मेसेज तुलेच टाकला म्हने. फोन कराची हिंमत नाई झाली, म्हून लिवलं. तं तू ब्लॉकच केलं. मंग पत्रिका बी पाठवली, एकाच टिकवर अडकली. तुया फोटोच दिसेनासा झाला त्याले."
मी लगेच म्हटलं, "माया ॲपच बंद पडलं होतं. साऱ्या गावाले इचार." खरंच तर बंद होतं. शीला म्हणाली, हो का, मंग ठीक हाये. तिनं नवा नंबर दिला. तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

३० जाने., शुक्र.
मूलच्या बाजारात गेले. कारण सांगितलं धान भरडायचं. धानाचं पोतं राइस मिलवर टाकलं अन् मोबाईलच्या दुकानात. गर्दी होती. दुकानदाराला म्हटलं, "या एका नंबरचे मेसेज येत नाई. ॲपमध्ये अजून बिघाड हाये, पाहा." त्यानं नंबर टाकला, पाहिलं, अन् फोन माझ्याकडे फिरवला.
"ॲप मस्त चालू हाये बाई. तुम्हीच यायले ब्लॉक केलं."
मोठ्यानं म्हणाला. त्याची काही चूक नाही, मिक्सर विकणाऱ्या बाजूच्या दुकानाचा आवाजच तेवढा होता.
स्क्रीनवर होतं : "ताई, कशी आहेस? मी." तारीख तेरा, मंगळवार. खाली, तुम्ही या संपर्काला ब्लॉक केलं आहे.

विचारलं, खोललं तर मधले मेसेज येतील का? म्हणाला, "नाई. ब्लॉक असताना पाठवलेले येत नाई. ते गेले समजा." मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू.

ब्लॉक काढला. बसमध्ये फोटो मोठा करून पाहिला. बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, मोहाचं झाड, एक फांदी आडवी. आमचीच बांधी. त्या फांदीवर आम्ही दोघं बसायचो. मी ही बांधी सगळ्या बायांना फिरवून दाखवली अन् ओळखली नाही.
तांदूळ मिलवरच विसरला. हे उद्या आणतील.

१ फेब्रु., रवि.
दुपारी दार लावून तांदूळ निवडत होते. बाहेरून कडी वाजली. "कोन?" म्हटलं. बाहेरून ह्यांचा आवाज, "मी." दार उघडलं, हे आत आले, हातपाय धुतले, अन् मी तशीच कडीला हात लावून उभी.

आमच्या आईचा नियम होता. आतून कोणी कोण म्हटलं की घरच्या माणसानं नाव सांगायचं नाही. नुसतं मी म्हणायचं. प्रकाश लहानपणी मुद्दाम म्हणायचा, "मी, प्रकाश!" तर आई दार उघडायची नाही. "घरचा मानूस नाव सांगत नाई. नाव सांगते तो पाव्हना." मग तो बाहेरून ओरडायचा, "मी, मी, मी!" मी आतून हसायची.

मी त्याला पाव्हणा म्हटलं होतं. त्यानं एवढ्या दिवसांनी दार वाजवलं ते घरच्यासारखं. अन् मी विचारलं, मी म्हणजे कोण. तेही सगळ्या गावाला हसवून.
जेवले नाही. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, पित्त आहे.

४ फेब्रु., बुध.
नळावर बाया मला पाहून म्हणतात, "अनोळखी नंबर!" अन् मी म्हणायचं, "लाल बटन!" आता रामरामासारखं झालं आहे. आजही म्हटलं. वनितानं विचारलं, "भावाचा फोन आला का बाई? नाई ना? निर्दयी हाये." मी हंडा उचलला अन् आले. माझा भाऊ निर्दयी आहे असं माझ्या गावात सगळे मानतात अन् ते मी सांगितलं म्हणून. मला माझीच किळस येते.

शीलालाही फोन करून खरं सांगायला हवं. ॲपच्या नावावर खपवलं आहे तिथं. केला नाही.

१० फेब्रु., मंगळ.
मीटिंग. सांगायचं नव्हतं. हजेरी झाली, बाया म्हणाल्या, आज मोबाईलचं काय शिकवते? अन् त्या सुरात घोकायला लागल्या, अनोळखी नंबर... मी म्हटलं, थांबा. तो नंबर माया भावाचा होता.

आधी कोणाला कळलंच नाही. कोणता नंबर? "त्या दिवशीचा. बांधीवाला. ताई म्हननारा." मग सगळं सांगितलं. बायकोच्या मुठीत वगैरे मी हो ला हो केलं होतं तेही. खाली पाहून बोलत होते, सतरंजीचा एक दोरा निघाला होता तो गुंडाळत.
कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. भागरताबाई म्हणाली, "आमी बी तं हासलो वं." तिचा पदर तोंडावर होता. वनिता म्हणाली, मंग त्यानं साधा फोन काऊन नाई केला? भागरताबाईनंच उत्तर दिलं, "लाजला असन. इनं कुठी केला?"
खरं आहे. मी कुठे केला.

मग सगळ्या एकदम सल्ले द्यायला लागल्या. उद्याच गाडी धर अन् जाय. लाडू घेऊन जाय. सगळ्या जनी येतो संगं. गटच्या गट ब्रह्मपुरीला निघायच्या तयारीत. मी नाही म्हटलं. दारात जाऊन उभी राहिले तर सोयऱ्यांसमोर त्याला मला घरात घ्यावंच लागेल. त्यानं मेसेजवर दार वाजवलं तेव्हा त्याच्याजवळ ती सोय नव्हती. आधी विचारते, बोलावलं तर जाईन.

घरी येऊन शीलाला फोन केला. खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, लग्न उन्हाळ्यात हाये.

११ फेब्रु., बुध.
सकाळी त्याला मेसेज. आधी लांबलचक लिहिला होता. माफ कर, मीटिंग, ॲप, मेमरी, अपडेट. वाचला तर बिघाडाच्या तक्रारीसारखा वाटला. पुसला. मग एवढंच पाठवलं : "कशी आहे प्रज्ञा? कसा आहेस? मी."
दोन टिका. म्हणजे त्यानं तरी मला बंद केलेलं नाही.
दिवसभर फोन ओच्यात. पोरांना गाणं शिकवताना दोनदा चुकले, पोरांनीच सुधारलं.

१२ फेब्रु., गुरु.
उत्तर आलं. खिचडी वाढत होते तेव्हा. एकच शब्द.
"कोण?"

वनितानं वाचलं अन् तिचं तोंड पडलं. म्हणाली, नंबर पुसला असन तुमचा. असेल. रागानंही लिहिलं असेल, मी त्याच्याबद्दल विचारलं तेच परत माझ्या पदरात. तसं असलं तर माझं देणं आहे ते, घेतलं पाहिजे. वनिता म्हणाली, नाव लिवा ना बाई, पुरं नाव, म्हंजे ओळखन. मी लिहिलं, सुनंदा. पुसलं. तुझी ताई, लिहिलं. तेही पुसलं. ताई हा शब्द मी त्या दिवशी चारचौघींत फसव्यांचा करून टाकला, तो कोणत्या तोंडानं लिहू.

आता घरी आले आहे. अजून तोच शब्द पाहते आहे. आमच्या घरात आतून कोणी "कोण?" विचारलं तर त्याचं उत्तर एकच. ते त्याला माहीत आहे. त्याला आठवतं म्हणूनच त्यानं विचारलं, की आठवत नाही म्हणून, ते मला कळायला मार्ग नाही.
लिहिलं : "मी."
पाठवलं. दोन टिका. आत्ता निळ्या झाल्या.
मी बाहेर उभी आहे. कडी आतून आहे.