साखरेचे दोन खडे

उंब्रज, गुरुवार, मार्गशीर्ष, १९४३

आज पांडवांची पोथी वाचता वाचता मीच नको तो शहाणपणा केला. म्हटलं, सरकार म्हणजे कौरव आणि आपले भूमिगत झालेले लोक म्हणजे पांडव. मनात अर्थात आमचे हे होते. जमलेल्या बायका माना डोलवत होत्या. मग सासूबाईंनी हळूच विचारलं, "व्हय गं, मग माझा थोरला कुणाकडनं?"

थोरले भावजी सरकारच्या पलटणीत, ब्रह्मदेशाच्या लढाईवर. जाऊबाई शेजारीच शेंगा फोडत होत्या, त्यांचा हात थांबला. मला हे सुचलं कसं नाही? सासूबाई रोज पोथीपुढं साखरेचे दोन खडे ठेवतात, दोन लेकांच्या नावानं. रोज बघते की मी!

मी गडबडीनं म्हणाले, "पांडवांच्या आईचाही थोरला पलीकडंच होता."

"तिनं येळंला त्यो माझा म्हणून सांगितलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "मी चारचौघींत सांगतीया. दोन्ही लेकरं माझीच हायती."

एरवी ज्याचा खडा त्याच्या बायकोच्या हातावर. आज त्यांनी यांच्या नावाचा जाऊबाईंना दिला आणि भावजींचा मला. माझी मान वर होईना.

जाऊबाईंनी आधी तोंडात टाकला. मग मी.