शेवटच्या पानावरची चिठ्ठी

अनसिंग
१७ सप्टेंबर १९७८

प्रिय जगदेव,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील आणि ओळखून थोडा घाबरलाही असशील. घाबर. नऊ वर्षांत तू एक पोस्टकार्ड टाकलं नाहीस. तुझ्या माय-बापाला मुंबईला न्यायला आलास तेव्हाही आमच्या दारावरून खाली मान घालून निघून गेलास. मग मीच कशाला भीड धरू? तुझं पुस्तक आलं बरं का गावात. आपल्या वर्गात मागे बसून डुलक्या काढणारा तांड्यावरचा हेमसिंग आता एस.टी.त कंडक्टर आहे. अकोल्याच्या स्टँडवर त्यानं ‘उत्तर वसतिगृह’ पाहिलं, मागचा तुझा फोटो पाहिला आणि तिकिटांच्या पेटीत घालून थेट माझ्या शाळेत आणून दिलं. आधी स्वतः वाचून काढलं होतं. जन्मात पहिलंच पुस्तक शेवटपर्यंत वाचलं म्हणे, आणि वाचताना एका बाईला रिसोडऐवजी मालेगावचं तिकीट फाडून दिलं.

काय वेड लावलंस रे लोकांना! रिसोडच्या वाचनालयात त्याच्यासाठी नंबर लागलेत. वाशिमला कॉलेजात जाणारी पोरं या उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळून चहाच्या हॉटेलात उदास बसतात, कारण तुझा नायक तसा बसतो. त्यातल्या एकाची माय मला विचारत होती, बाई, पोट्ट्याले झालं तरी काय, ना जेवते ना बोलते. मी म्हटलं, पुस्तक झालंय, उतरेल.

गावात प्रत एकच आणि वाचता येणारे मोजके. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, ते माझ्याकडे आहे. एकदा वाचन संपल्यावर विहाराच्या किल्ल्या सांभाळणारे ग्यानबाकाका हळूच म्हणाले, जगदेवचंबी थोडं होऊ दे, आपल्याच गावचं पोरगं हाय. पहिल्या दिवशी आठ-दहा जण थांबले. आठवडाभरात बसायला जागा पुरेना. पुस्तकातल्या तुझ्या त्या वसतिगृहाच्या रेक्टरवर तर अख्खं गाव खवळलंय. ग्यानबाकाका मला त्याचा पत्ता मागतात, मले त्याले एकदा भेटायचं हाय म्हणतात. शेजारच्या बेबीबाईची भाजी चुलीवर करपली आणि नवरा कुरकुरला, तर तिनं त्याला सुनावलं की उद्यापासून तुमीच पाहा चूल, मले मिलिंदचं काय झालं ते ऐकू द्या. आणि सगळ्यांच्या पुढे, खांबाला टेकून, पहिल्या दिवसापासून आमची माय.

खोटं कशाला बोलू, पुस्तक चांगलं आहे. मी रविवारी सकाळी हातात घेतलं ते संपवूनच खाली ठेवलं. मग तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मी हात उचलला असता. तुझा मिलिंद म्हणजे वसतिगृहात तुझ्याच खोलीत राहणारा आमचा देवमन. रेक्टरचं घड्याळ हरवतं, ते कोणी घेतलं हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक असतं, आणि भर मेसमध्ये मिलिंदला चोर ठरवतात तेव्हा गोष्ट सांगणारा तुझा ‘मी’ ताटातलं वरण कालवत बसतो. तिसऱ्या दिवशी मिलिंद विहिरीत सापडतो. आम्हाला तू काय सांगितलं होतंस? आंघोळीला गेला, पाय घसरला. आमच्या ओसरीवर बसून, मायच्या हातचं पाणी पिऊन सांगितलंस. माझ्या सख्ख्या भावाचं खरं मला कळलं ते कंडक्टरच्या पेटीतून आलेल्या पुस्तकातून.

आता हे मायसमोर वाचायचं कसं? पण तोवर वाचन सुरू झालं होतं आणि लोक सोडायला तयार नव्हते. वाटलं, नावं बदललेली आहेत, तिला काय कळणार. दुसऱ्याच प्रकरणात मिलिंद भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून आधी खातो, ते मी भरात वाचून गेले आणि माय खुदकन हसली. बाकी कोणी हसलं नाही. तेव्हापासून ती रोज लवकर जेवून, धुतलेलं लुगडं नेसून विहारात सगळ्यांच्या आधी जाऊन बसू लागली. घरी आल्यावर मला विचारायची, आज काय काय बोलला तो, पुन्हा सांग. ऐकलेलंच पुन्हा ऐकायची. मी तिला काही म्हटलं नाही, तिनं मला काही म्हटलं नाही. पंधरा-वीस दिवस आमच्या घरात देवमन असल्यासारखा होता. त्यासाठी मी तुझे आभार मानते, आणि मानताना जिवावर येतं हेही लिहून ठेवते.

विहिरीचं प्रकरण आलं तेव्हा मी घसा बसल्याचं सोंग केलं. दोन दिवस वाचन बंद. लोक काढ्यासाठी अद्रक घेऊन घरी यायला लागले! तिसऱ्या दिवशी मायच म्हणाली, वाचून टाक. पाण्यात घसरून मरणारा नव्हता तो, पुराच्या नदीतून म्हशी काढायचा. मले तवाच समजलं होतं. जगदेवचं तोंड पाहून समजलं होतं. नऊ वर्षं ती हे एकटीनं घेऊन बसली होती आणि मी तिला जपत होते, मी खुळी, बह्याड.

परवा मी वाचलं. आधी विहीर. मग शेवटचं पान, मिलिंदनं ‘मी’च्या खिशात ठेवलेली चिठ्ठी. तुझ्यावर राग नाही मित्रा, तू बोलला असतास तर तुझंही शिक्षण गेलं असतं, तू शिक, मोठा हो, माझ्या वाटचंही लिही. विहारात हुंदके सुरू झाले. बेबीबाई पदर तोंडात धरून बसली. पोरांनी तेच पान पुन्हा वाचायला लावलं, आणि काल शाळेत पाहते तर चौघांनी ते वहीत उतरवून घेतलंय. तुला गावोगावी हार पडत असतील ते याच पानासाठी. माय मात्र रडली नाही. घरी येऊन बसली आणि मला म्हणाली, एवढं लंबं लिहिलं पोरानं, दोस्ताले माफ केलं, अन् मायचं नाव नाई काढलं?

तेव्हापासून तिनं भाकरीला हात लावलेला नाही. चहा घेते, तोही मी पेला तिच्या तोंडाला लावला तर. मी तिला सांगितलं की पुस्तकात असं घालावं लागतं, अशी चिठ्ठी नव्हतीच, जगदेवनं आपल्या मनानं लिहिली. ती म्हणते, तुले काय माहीत, तू होतीस का तिथी? जगदेव होता. म्हणून हे पत्र. ती चिठ्ठी तू रचलीस की खरी आहे, हे मला ठाऊक नाही. मला वाटतं रचलीस. ज्याला माफी हवी असते तो स्वतःच ती लिहून घेतो. तसं असेल तर तेवढं तुझ्या हातानं लिहून पाठव. छापू नकोस, तुझ्या वाचकांना कळू देऊ नकोस. पत्र मायच्या नावानं टाक, ती पोस्टमनकडून वाचून घेईल, माझ्यावर तिचा भरवसा राहिलेला नाही. आणि जगदेव, चिठ्ठी खरी असेल, देवमननं खरंच तुझ्यासाठी लिहिली असेल आणि त्यात माय नसेल, तर ती तुझ्यापाशी राहू दे, आणि मायला मात्र रचलेली होती असंच लिही. एकदा तू आमच्याशी खोटं बोललास ते स्वतःसाठी. हे एक तिच्यासाठी बोल.

तुझीच म्हणायचं की नाही, हे तुझं उत्तर आल्यावर ठरवणारी,
रुख्मिणी