तलवाड्यातली सगळ्यात बारीक काजळी

३ जानेवारी
सूनबाई बाळाला घेऊन माहेराहून आली. नात लई गोड हाय, माझ्यावर गेली. डोळे मात्र कोरे. काजळ कावून न्हाई म्हणून विचारलं तर रोहिणी म्हणली, डॉक्टर नको म्हणलेत. डी-फार्मसी झालेली हाय, तिला बाटलीतलंच कळतं. जीवनला विचारलं. तो म्हणला, आई, तुमचं तुमी बघा. पोरगा माझ्याच बाजूनं हाय, नुसता बोलत न्हाई.
ठरवलं. आजपासून रोहिणीशी अबोला.

३ जानेवारी, संध्याकाळ
हळदीचा डबा कुठं ठेवला ते विचारावं लागलं. तेवढ्याला बोलणं म्हणत न्हाईत.

६ जानेवारी
आमच्या गल्लीतल्या अर्जुनरावाची लेक सत्यशीला अंबाजोगाईच्या कॉलेजातून मशीन घेऊन आली. गावातल्या चुलीची, दिव्याची काजळी मोजायची हाय. धुरावर लेझर मारला की काजळीचा कण तापतो, क्षणभर चमकतो. बारीक कण लगेच निवतो, जाड कण जरा दम धरतो. त्यावरून कण केवढा ते मशीन सांगतं. मी चौथी शिकलेली, तरी मला एका दमात समजलं. मालक दहावी, त्यांना दोनदा सांगावं लागलं.
काजळाचं सगळं बारीकपणावर असतं. जाड खुपतं, बारीक थंडावा देतं. सत्यशीलाला म्हणले, माझा एरंडेलाचा दिवा मोज अन् कागदावर लिहून दे. रोहिणीला म्हणले, मशीननं माझी काजळी बारीक सांगितली तर रथसप्तमीला बोरन्हाणात बाळाला काजळ घालीन. ती म्हणली, बघू.
बघू म्हंजे हो.

९ जानेवारी
सराव चालू. मधल्या खोलीत दिवा लावते, वर पितळी ताट उपडं. वारा नको म्हणून खिडकी गच्च. बाळ तिथंच झोपतं, तिलाबी ऊब.
बाळाला खोकला झाला. थंडी फार पडलीय. रोहिणी म्हणली, आत्या, दिवा बाहेर लावा. बाहेर लावला तर शेजारच्या केशरबाईला माझी वात दिसंल.

१२ जानेवारी
केशरबाईनंबी मोजणीला नाव दिलं. तिची वात म्हंजे कासरा. मी काही वाईट बोलले न्हाई. एवढंच म्हणले, असल्या वातीला बैल बांध. ती रागावून गेली.
बाळाचा खोकला वाढला. केशरबाईच्या बंबाचा धूर असणार. तिला सांगायला पाहिजे, पण ती बोलत न्हाई.

१५ जानेवारी
मोजणी. मशीनच्या भिंगावर धूळ दिसली, पदरानं पुसून दिली. पदराला तेल होतं. मशीन बंद. सत्यशीला मला काही बोलली न्हाई, अंगणात जाऊन फोनवर लई बोलली. मग कसल्या तरी औषधानं भिंग पुसलं, तवा चालू झालं. पुसायला सुरुवात मीच केलती.

२१ जानेवारी
रिपोर्ट आला. तपासलेल्या घरांत सगळ्यात बारीक काजळी माझी. केशरबाईची जाडीभरडी. गल्लीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं. मालक म्हणले, दिव्याला आता वरच्या वर्गात घाला. तिळाचे लाडू वाटले. केशरबाईला मुद्दाम दोन.

२१ जानेवारी, दुपारी
रोहिणीनं सत्यशीलाला विचारलं, बारीक म्हंजे चांगली का. ती म्हणली, उलटं हाय वहिनी. जाड कण नाकात-घशात अडकतो, बारीक पार फुप्फुसाच्या तळाला जातो. मग म्हणली, हा दिवा लावता कुठं. रोहिणी म्हणली, बाळाजवळ. दोघींनी माझ्याकडं बघितलं.
मी म्हणले, मी डोळ्याचं विचारलंतं, फुप्फुसाचं कुणी विचारलं. सत्यशीला म्हणली, काकू, डोळ्याचं मशीनला कळत न्हाई, ते डॉक्टरला कळतं.
रोहिणीनं उठून खिडकी उघडली. एवढ्या थंडीत. मी काही म्हणले न्हाई, वाद वाढवायचा माझा स्वभाव न्हाई.

२३ जानेवारी
दिवा बंद ठेवलाय. कुणाच्या सांगण्यावरून न्हाई, तेल संपलं. तेलाची बाटली अर्धी हाय, पण ती दुसऱ्या कामाची.
बाळाचा खोकला थांबला. ओव्याच्या पोटलीनं मी शेकलं म्हणून. रोहिणीला तसं सांगितलं. ती म्हणली, हो आत्या. पटलं तिला.

२५ जानेवारी, रथसप्तमी
बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुरे. घरभर बायका, सगळ्यांच्या नजरा बाळावर. मी काजळाची डबी घेऊन पुढं झाले. सगळ्यांसमोर रोहिणी न्हाई म्हणणार न्हाई, हा माझा हिशोब.
ती न्हाई म्हणली. डोळ्यात नको आत्या. म्हणले, गालाला तीट लावते. म्हणली, बाळ तोंड पुसतं अन् हात चोखतं. केशरबाई पदरात हसली. मी डबी झाकली. बोटाला काजळ तसंच राहिलं.
मग रोहिणीनंच बाळाचा डावा पाय माझ्यापुढं केला. म्हणली, इथं लावा.
तळव्याला तीट लावली. गोल, सुबक. बाळ हसलं. रोहिणीनं लगेच वरून मोजा चढवला.
शेवटी माझंच खरं झालं. आता नातीच्या डाव्या तळपायाला कुणाची नजर लागायची न्हाई.